पैज, श्रीखंड आणि २०२० साली येणारी बिनड्रायव्हरची गाडी

पार्लेकरीण | शनिवार, रात्री ९.५०

धागा जरा घरगुती आहे, सांभाळून घ्या.

२०१६ची दिवाळी. पाडव्याचं जेवण उरकून बाबा आणि माझा नवरा गॅलरीत बसले होते. त्याच महिन्यात इलॉन मस्कने जाहीर केलं होतं की २०१७ संपायच्या आत टेस्लाची गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाईल आणि वाटेत कुणी स्टिअरिंगला हात लावणार नाही. नवरा आयटीतला, त्यामुळे त्याला मस्कपेक्षा जास्त खात्री. "बाबा, लायसन्स पुन्हा रिन्यू करायची वेळच येणार नाही तुमच्यावर." बाबांची नोकरी पुलांची कामं तपासण्यात गेली. ते म्हणाले, "जो काम करणार तोच तारीख देत असेल, तर त्या तारखेला दोनाने गुणायचं." झालं. कालनिर्णयचं ऑक्टोबरचं पान फाडून मागच्या बाजूला लिहिलं गेलं: २०२० संपायच्या आत बिनड्रायव्हरची गाडी रस्त्यावर येईल – जावई. येणार नाही – सासरे. हरेल त्याने दोन किलो श्रीखंड. दोघांच्या सह्या, साक्षीदार आई.

जानेवारी २०२१ला श्रीखंड आलं. नवऱ्याने लगेच पाच वर्षांची मुदतवाढ मागून घेतली. या जानेवारीत श्रीखंड दुसऱ्यांदा आलं. पहिल्या वेळी बाबांनी सगळ्या बिल्डिंगला वाट्या पाठवल्या होत्या. या वेळी एक चमचा खाल्ला आणि म्हणाले, "खरं सांगू? या खेपेला मला हरायचं होतं."

काचबिंदूमुळे दोन वर्षांपूर्वी त्यांचं गाडी चालवणं बंद झालं. गाडी खाली उभी आहे. दर रविवारी सकाळी खाली जातात, कव्हर काढतात, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, पुढची काच पुसतात आणि वर येतात. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगतात.

आता दोघं तिसरी पैज लावायला बसलेत. मला विचारायचंय ते असं, की इतकी हुशार माणसं आणि इतका पैसा असून तारखा सारख्या का चुकतात? आणि नव्या पैजेत काय लिहावं?

खवचट_खंडू | शनिवार, रात्री १०.०५

बिनड्रायव्हरची गाडी मुंबईत कधीच आलीये. आमच्या गल्लीत रोज डबल पार्क केलेली असते, ड्रायव्हर कटिंग प्यायला गेलेला असतो. जावईबापूंना सांगा, श्रीखंड परत मागा. (हलके घ्या.)

लिडारवाला | शनिवार, रात्री ११.२०

पुण्यात याच धंद्यात आहे, म्हणजे गाडीला 'दिसतं' तो भाग आमच्याकडे. जरा लांबण लागेल.

तारखा चुकायची सवय लागली ती माझ्या मते २००५ साली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मार्च २००४मध्ये मोहावीच्या वाळवंटात बिनड्रायव्हर गाड्यांची शर्यत लावली. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. एकही गाडी पोचली नाही. सगळ्यांत लांब गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी १२ किलोमीटरवर अडकली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा शर्यत, आणि पाच गाड्यांनी ती पुरी केली! स्टॅनफर्डच्या 'स्टॅनली'ने वीस लाख डॉलरचं बक्षीस नेलं. दीड वर्षात शून्यावरून पाच. असा आलेख बघितला की पट्टी ठेवून पुढची रेघ ओढायचा मोह कुणाला होणार नाही? गूगलने २००९मध्ये प्रकल्प सुरू केला तेव्हा या शर्यतींतलीच बरीच मंडळी तिथे होती. २०१२मध्ये गूगलच्या संस्थापकांपैकी एक, सर्गे ब्रिन म्हणाले, पाच वर्षांत सामान्य लोकांना मिळेल.

आता त्याच्या मागे जा. १९९५मध्ये कार्नेगी मेलनचेच दोघे जण पिट्सबर्गहून सॅन डिएगोला एक व्हॅन घेऊन गेले. साडेचार हजार किलोमीटर. त्यातलं ९८.२ टक्के अंतर स्टिअरिंग संगणकाने फिरवलं (ब्रेक आणि ॲक्सिलरेटर माणसाच्या पायाखाली). म्हणजे १०० पैकी ९८ मार्क पार १९९५ सालीच पडले होते. गेली तीस वर्षं राहिलेल्या दोन मार्कांचा अभ्यास चालू आहे.

त्या दोन मार्कांत काय असतं याचा एक नमुना. आमच्या गाडीने लोअर परळला केलेलं चित्रण तपासत होतो. समोरून हातगाडी येतेय, तिच्यावर आरशाचं कपाट आडवं बांधलंय, आरसा आमच्या बाजूला. लिडार लेझरचे किरण सोडतो आणि ते किती वेळात परतले त्यावरून अंतर काढतो. आरशाने ते भलतीकडेच पाठवले. त्यामुळे लिडारच्या लेखी रस्त्याच्या मधोमध एक खिडकी होती आणि त्या खिडकीतून आमचीच गाडी आमच्यावर चालून येत होती. कॅमेऱ्याला दिसत होता आभाळाचा एक चौकोन, दोन अनवाणी पायांवर चालणारा. गाडी ओढणारा कपाटामागे वाकलेला, त्याचं डोकं कुठेच नाही. याला नाव काय द्यायचं – वाहन, पादचारी की फर्निचर – यावर आम्ही तिघे तासभर भांडलो. चहावाल्या पोराने लांबून स्क्रीन बघितला आणि म्हणाला, "कपाट चाललंय."

तो पोरगा एका नजरेत सांगतो ते मशीनला शिकवायचं तर आधी तसं चित्र कुणीतरी गोळा करायला हवं. युरोपातल्या शहरांवर बेतलेल्या गाजलेल्या चित्रसंचात रिक्षा हा प्रकारच नव्हता. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने आपल्याकडच्या रस्त्यांची दहा हजार चित्रं जमवून संच केला, त्यात रिक्षाला पहिल्यांदा स्वतःचं खातं मिळालं. आरशाच्या कपाटाला अजून नाही.

घोडबंदरचा_बंड्या | रविवार, सकाळी ८.१५

माझ्या गाडीत 'लेव्हल टू' आहे, म्हणजे पुढची गाडी बघून आपोआप ब्रेक, लेन सोडली तर स्टिअरिंगला हलका झटका वगैरे. शोरूममधल्या पोराने असं वर्णन केलं की मला वाटलं आता ठाणे ते बीकेसी झोप काढायची. पहिल्याच आठवड्यात घोडबंदरला एक रिक्षा नेहमीसारखी नाकासमोरून घुसली. मी आपला थोडा पाय उचलून तिला वाट देणार होतो, तेवढ्यात गाडीने करकचून ब्रेक मारला. मागचा बाइकवाला डिकीवर. नशीब, हेल्मेट होतं. तो म्हणतो, "एवढ्याशा गोष्टीला कोण ब्रेक मारतं?" मी काय सांगू, मी मारलाच नव्हता!

बंपरचे पैसे माझ्या खिशातून गेले. आता गाडी चालू केली की पहिलं काम ते सगळं बंद करणं.

लिडारवाला | रविवार, सकाळी ९.०२

@बंड्या, गाडीने नियमाप्रमाणे बरोबरच केलं, हीच पंचाईत आहे. तिच्या हिशोबात ती रिक्षा तुम्हाला धडकणार होती. तुमच्या हिशोबात रिक्षावाल्याने पाय बाहेर काढून 'आलो' म्हणून सांगितलेलं होतं. तो पाय तिला कुणी शिकवलेला नाही.

आणि लेव्हल टूमध्ये ड्रायव्हर तुम्हीच. शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या आहेत. दुसरीपर्यंत जबाबदारी पूर्ण माणसाची, तिसरीला गाडी सांभाळते पण बोलावलं की माणसाने यायचं, चौथीला ठरलेल्या हद्दीत माणूस नको, पाचवीला कुठेच नको. पाचवी कुणाकडेही नाही. शोरूमवाले दुसरी विकतात आणि गिऱ्हाईक पाचवी ऐकतं.

डोंबिवली_ते_बे_एरिया | रविवार, सकाळी ९.४०

मूळचा डोंबिवलीचा, सध्या सॅन फ्रान्सिस्को. आठवड्यातून दोनदा तरी वेमोने (गूगलच्या त्याच प्रकल्पातून निघालेली बिनड्रायव्हरची टॅक्सी) जातो, म्हणून अनुभवाचं लिहितो. ॲपवर बोलवायची, पांढरी जॅग्वार येते, टपावर फिरता डबा. मागे बसायचं, पट्टा लावायचा. पुढे कुणी नाही आणि चाक आपलं आपण फिरतंय, पहिली पाच मिनिटं भुताटकी वाटते. सहाव्या मिनिटाला मी फोन काढला. आई आली होती तेव्हा तिने पूर्ण वेळ अथर्वशीर्ष म्हटलं आणि उतरताना रिकाम्या सीटला "थँक्यू हां" म्हणाली.

आता पार्लेकरीणताईंच्या नवऱ्याची बाजू घेतो. वेमोने फिनिक्सच्या उपनगरात २०१८च्या डिसेंबरात पैसे घेऊन सेवा सुरू केली, तेव्हा पुढे माणूस असायचा. ऑक्टोबर २०२०मध्ये तिथे कुणाही गिऱ्हाइकासाठी माणसाविना गाड्या धावायला लागल्या. म्हणजे २०२० संपायच्या आत! पैजेच्या कागदावर 'मुंबई' शब्द आहे का बघा. तुम्ही वर जो मजकूर दिलाय त्यात नाही.

पार्लेकरीण | रविवार, सकाळी १०.१०

अगं बाई. कागद काढून बघितला. खरंच नाहीये. फक्त 'रस्त्यावर' लिहिलंय. नवरा आत्ता माझ्या खांद्यावरून वाचतोय आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झालाय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

खवचट_खंडू | रविवार, सकाळी १०.१४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डोंबिवली_ते_बे_एरिया | रविवार, सकाळी १०.५०

पण उलट बाजूनेही लोक तितकेच चुकले हे इथे कुणी लिहिलं नाही. २०२२च्या ऑक्टोबरात फोर्ड आणि फोक्सवॅगनच्या पैशावर चाललेली आर्गो ही बिनड्रायव्हर गाड्यांची कंपनी बंद पडली, तेव्हा सगळे म्हणाले, संपलं, फुगा फुटला. २०२३मध्ये इथे सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ या जनरल मोटर्सच्या बिनड्रायव्हर टॅक्सीचा अपघात झाला. दुसऱ्या एका माणूस चालवत असलेल्या गाडीने एका बाईंना उडवलं, त्या क्रूझच्या गाडीपुढे पडल्या. गाडी थांबली, आणि मग 'कडेला घ्यावं' या नियमाने बाई खाली असतानाच सहाएक मीटर पुढे गेली. कंपनीने ते फरफटणं सरकारला धड सांगितलं नाही. परवाना गेला, आणि २०२४च्या शेवटी जनरल मोटर्सने टॅक्सीचा नादच सोडला. ॲपलनेही त्याच वर्षी गाडीचा प्रकल्प गुंडाळला. सगळ्यांनी दहावं-तेरावं उरकून टाकलं असताना एप्रिल २०२५मध्ये वेमोच्या पैसे घेऊन होणाऱ्या फेऱ्या आठवड्याला अडीच लाखांवर गेल्या होत्या. एकाच धंद्यात, एकाच गावात, एक बुडाला आणि एक तरला. आधी कोण ओळखणार होतं?

गमती पण होतात. २०२४च्या उन्हाळ्यात इथल्या एका पार्किंगमध्ये रात्री जमलेल्या वेमो एकमेकींना हॉर्न मारत बसायच्या, पहाटे चार वाजता. रिव्हर्स घेणारी गाडी फार जवळ आली तर हॉर्न द्यायचा असं शिकवलेलं, आणि रिव्हर्स घेणारीही वेमोच. शेजाऱ्यांची झोप उडाली. त्याच्या आदल्या वर्षी विरोध करणाऱ्यांनी शोध लावला होता की बॉनेटवर रस्त्यावरचा केशरी शंकू ठेवला की गाडी जागची हलत नाही. आणि २०२५च्या डिसेंबरात शहराच्या बऱ्याच भागाची वीज गेली, सिग्नल विझले, तर वेमो ठिकठिकाणी चौकात उभ्या राहिल्या. कंपनीला सेवा थांबवावी लागली.

सिग्नल बंद म्हटल्यावर आपल्या डोंबिवलीत काय होतं? काहीच नाही. फरकच पडत नाही.

मीटर_डाऊन | रविवार, दुपारी १.३०

वडिलांनी तेहेतीस वर्षं काळीपिवळी चालवली, त्यातली बरीच पद्मिनी. २०२३ला शेवटच्या पद्मिनी उतरल्या तेव्हा ते मुद्दाम बघायला गेले होते. मी स्वतः बँकेत आहे, पण वरचं सगळं वाचून राहवलं नाही.

तुम्ही लोक गाडी चालवणं म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक, सिग्नल एवढंच धरताय. पहाटे साडेचारला मुंबई सेंट्रलला गाडी लागते. बाईमाणूस, दोन पोरं, एक ट्रंक, आणि पत्ता काय, तर 'लालबागला पिंपळाच्या मागची चाळ'. ट्रंक टपावर कोण चढवणार? पिंपळ कुठला ते कोण विचारणार? २६ जुलैला, २००५ला, सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी वडील कलिन्याला अडकले. पाणी सीटपर्यंत यायच्या आधी त्यांनी गाडी एका सोसायटीच्या उतारावर चढवली, आतल्या पॅसेंजरला आणि रस्त्यावरच्या अजून तिघांना रात्रभर गाडीत बसवलं, सकाळी चालत सायनपर्यंत आणून सोडलं. मीटर किती झाला म्हणून एकाने विचारलं, तर म्हणाले, "मीटर पाण्यात गेला."

हे तुमच्या लेव्हल फोरमध्ये कुठे बसतं ते सांगा.

गडकरी २०१७लाच म्हणाले होते की भारतात ड्रायव्हरलेस गाड्या येऊ देणार नाही, पुढे २०२३लाही तेच म्हणाले, सत्तर-ऐंशी लाख ड्रायव्हरांच्या पोटाचा प्रश्न आहे म्हणून. राजकारण बाजूला ठेवा, वाक्य मला पटलं.

ऐकून_वाचतो | रविवार, दुपारी ३.०५

मीटर_डाऊन, तुमच्या वडिलांना नमस्कार. पण दुसरी बाजूही नोंदवतो.

मला जन्मापासून दिसत नाही. हा धागा फोन मला वाचून दाखवतोय. कल्याणहून फोर्टला लोकलने जातो, तिथपर्यंत काही अडत नाही. अडतं ते शेवटच्या दीड किलोमीटरला. ॲपवरून टॅक्सी बोलावली की फोन येतो, "सर, कुठे उभे आहात? समोर काय दिसतंय?" सांगितलं की मला दिसत नाही, तर निम्मे जण फोन ठेवतात आणि फेरी रद्द. पाऊस असेल तर निम्म्याहून जास्त. सगळे तुमच्या वडिलांसारखे नसतात हो.

गूगलने २०१५मध्ये ऑस्टिनच्या रस्त्यांवरून एका दृष्टिहीन गृहस्थांना एकट्याला फिरवून आणलं. त्या गाडीला स्टिअरिंगच नव्हतं. ती बातमी मी तीनदा ऐकली होती. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो, वाटलं चाळिशीत आपल्याला नक्की. आता बेचाळीस. पार्लेकरीणताईंच्या बाबांचं 'हरायचं होतं' मला अगदी कळलं.

एक शंका, बे एरियावाल्यांना. गाडी दाराशी न थांबता वीस पावलं पुढे थांबली तर मला सापडणार कशी?

डोंबिवली_ते_बे_एरिया | रविवार, दुपारी ३.४०

ॲपमधून तिचा हॉर्न वाजवता येतो, त्या आवाजाच्या रोखाने जायचं.

ऐकून_वाचतो | रविवार, दुपारी ३.४४

फोर्टला? संध्याकाळी सहाला? हॉर्नवरून? 🙂

निवृत्त_मोटरमन | रविवार, संध्याकाळी ६.२०

सर्वांचे प्रतिसाद वाचले. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट-विरार केलेले आहे, त्यावरून थोडे लिहितो.

आमच्या केबिनमध्ये 'डेड मॅन' असतो. म्हणजे हँडल दाबून धरायचे. मोटरमनला भोवळ आली, हात सुटला, की गाडी आपोआप उभी. लाल सिग्नल ओलांडला तरी यंत्रणा ब्रेक लावते. हे सगळे असून केबिनमध्ये माणूस आहे. मेट्रो २ए आणि ७च्या गाड्या तर बिनचालक धावू शकतील अशाच बांधलेल्या आहेत, तरी पुढे चालक बसतो. दिल्लीच्या मजेंटा मार्गावर डिसेंबर २०२०पासून बिनचालक गाड्या सुरू झाल्या. लक्षात घ्या, तिथे रूळ आहेत, खांबांवरचा नाहीतर बोगद्यातला मार्ग आहे, फलाटाला दरवाजे आहेत, आणि मध्ये आरशाचे कपाट घेऊन कोणी येत नाही. तिथेही इतकी सावधगिरी.

दुसरा मुद्दा, यंत्र चालवते आहे आणि माणसाने नुसते लक्ष ठेवायचे, ही सर्वांत कठीण ड्युटी. माझ्या हातात हँडल असे तेव्हा मला कधी डुलकी आली नाही. पण शेजारी बसून दुसऱ्याची गाडी बघायची वेळ येई (नवीन मुलांना शिकवताना) तेव्हा बोरिवलीनंतर डोळे जड होत.

लिडारवाला | रविवार, रात्री ८.१०

मोटरमनकाका, तुम्ही दोन ओळींत सांगितलंत त्यावर अमेरिकेत एक जीव गेला. मार्च २०१८, ॲरिझोनातलं टेंपी, रात्रीची वेळ. उबरची चाचणीतली गाडी, स्टिअरिंगमागे लक्ष ठेवायला माणूस बसलेला, आणि त्या माणसाची नजर फोनवरच्या कार्यक्रमात. एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होत्या. चौकशीत निघालं की गाडीला त्या धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसल्या होत्या. पण नाव ठरेना. आधी वाहन, मग 'इतर', मग सायकल, पुन्हा दुसरंच. प्रत्येक वेळी नाव बदललं की त्या कुठे चालल्यात याचा हिशोब नव्याने. आणि यामागचं कारण वाचून मी खुर्चीत ताठ बसलो होतो: झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्या प्रणालीत धरलेली नव्हती.

दादर स्टेशनबाहेर उभे राहून हे वाक्य पुन्हा वाचा. आपल्याकडे पादचारी हात आडवा करून बेस्टची बस थांबवतो आणि ड्रायव्हर ती थांबवतो, कारण दोघांची नजरानजर झालेली असते. नजरेला नजर द्यायला समोर डोळेच नसतील तर तो हात कुणाला दाखवायचा?

आणि 'माणसापेक्षा सुरक्षित' हे सिद्ध करणंही सोपं नाही. रँड या अमेरिकी संस्थेने २०१६मध्ये गणित मांडलं होतं. माणसांच्या गाड्यांइतकेच कमी बळी जातात हे खात्रीने म्हणायचं असेल, तर सुमारे ४४ कोटी किलोमीटर एकही बळी न घेता चालवून दाखवावं लागेल. तेही तिकडच्या रस्त्यांवर. फिनिक्सच्या उन्हातले किलोमीटर अंधेरी सबवेच्या पाण्यात चालत नाहीत, नव्याने मोजावे लागतात.

मीटर_डाऊन यांना एकच म्हणेन. २०२२मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्या गाड्या माणसंच चालवत होती. मी या कामात राहिलोय तो या आकड्यामुळे, पगार काही फार नाही.

मीटर_डाऊन | रविवार, रात्री ८.३१

आकडा खोटा नाही. त्यातल्या किती जणांना चौदा-चौदा तास ड्युटी होती तेही एकदा मोजा. बाकी कपाटाचा किस्सा वडिलांना वाचून दाखवला. म्हणाले, "आरसा दिसला की आधी हातगाडीवाल्याचे पाय बघायचे. पाय ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूने काढायची." हे तुमच्या संचात घाला, फुकट दिलं.

वकीलकाकू | रविवार, रात्री ९.१५

माझं कोरडं काम. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ३: लायसन्स नसताना कोणत्याही व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवायचं नाही. संगणक ही 'व्यक्ती' आहे का? नसेल तर चालवतंय कोण? मागे बसलेले काका, गाडीचा मालक की सॉफ्टवेअर लिहिणारा? ब्रिटनने २०२४च्या कायद्यात ठरवून टाकलं, की मान्यता मिळालेली गाडी स्वतः चालत असताना जे होईल त्याचा जाब तिच्यामागच्या कंपनीने द्यायचा, आत बसलेल्याने नाही. आपल्याकडे अशी एक ओळ येईपर्यंत बंड्याचा बंपर बंड्याच्याच खिशातून.

पैजेत एक घाला: पुढच्या कोणत्याही सीटवर कंपनीचा माणूस नको. जून २०२५मध्ये ऑस्टिनला टेस्लाची टॅक्सी सुरू झाली तेव्हा ड्रायव्हरची सीट रिकामी होती, पण बाजूच्या सीटवर कंपनीचा माणूस होता. जावई उद्या त्यावरून श्रीखंड मागतील.

घोडबंदरचा_बंड्या | रविवार, रात्री ९.३०

सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतू वगळा! तिथे रिक्षा नाहीत, बाइक नाहीत, चालणारे नाहीत. तिथे उद्यासुद्धा जमेल कदाचित. जावई ते दाखवून मोकळे होतील.

लिडारवाला | रविवार, रात्री ९.४२

बंड्याशी सहमत, आणि खरं म्हणजे मुंबईत आलंच तर पहिल्यांदा तिथेच येईल. चौथ्या पायरीचा अर्थच तो, हद्द आखून द्या. म्हणून कुणी 'कधी येणार' विचारलं की मी आधी विचारतो, कुठून कुठे आणि कोणत्या महिन्यात.

निवृत्त_मोटरमन | रविवार, रात्री ९.५५

पावसाळा हवाच.

पार्लेकरीण | सोमवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जेवणानंतर धागा मोठ्याने वाचला, बाबा डोळे मिटून ऐकत होते. 'मुंबई' शब्द नाही हे कळल्यावर त्यांनी कागद हातात घेतला, भिंगाने वाचला, आणि जावयाला म्हणाले, "करारात फट मी ठेवली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काढल्या." पहिल्या पैजेचं श्रीखंड परत करायचं ठरलंय, उद्या मीच आणणार.

मग मी तुमच्या सूचना एकत्र करून मसुदा केला. मुंबई महापालिकेच्या हद्दीत, सी लिंक, कोस्टल रोड व अटल सेतू वगळून, पुढच्या कोणत्याही सीटवर कंपनीचा माणूस नसताना, पैसे देऊन कुणालाही बोलावता येईल अशी, बंद सिग्नललाही न अडणारी, वगैरे वगैरे. सात ओळी झाल्या. नवरा म्हणाला, हे टेंडर झालं.

बाबांनी कागद घेतला आणि साल सोडून सगळ्यावर काट मारली. साल २०३५ ठेवलंय, म्हणजे तेव्हा ते शहाऐंशी. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं. हल्ली ओळी वर चढतात त्यांच्या, पण वाचता येतंय:

"आमच्या फाटकापासून शिवाजी पार्कपर्यंत. जुलै महिन्यात. संध्याकाळी सात वाजता. मी मागे बसलेला. मिनू गाडीत नाही."

मिनू म्हणजे मी.

ऐकून_वाचतो | सोमवार, रात्री १०.३१

साक्षीदार म्हणून माझी सही चालेल का? अंगठा देतो हवं तर.

खवचट_खंडू | सोमवार, रात्री १०.४०

चालेल. पण श्रीखंड केशराचं की आंब्याचं, ते मसुद्यात नाही. पुन्हा फट ठेवताय.